वडील ‘निगेटिव्ह’ आहेत, की दुःखात?

पत्राचा सारांश: सोलापूरच्या पूर्व भागात राहणारा २८ वर्षांचा तरुण. बी.कॉम. झालेला, एका सीएंच्या ऑफिसात नोकरी. घरी आई, ५८ वर्षांचे वडील आणि लग्नाची बहीण. वडिलांचे चादरीचे चार माग होते. सुताचे भाव, विजेचं बिल आणि घटलेली मागणी यांचा मेळ बसेना, तेव्हा दोन वर्षांपूर्वी ते भंगारात विकले. त्याच सुमारास या तरुणाने स्वतःत बदल घडवायचं मनावर घेतलं. व्हिडिओ पाहून पहाटे पावणेपाचला उठायचं, थंड पाण्याने आंघोळ, आरशासमोर उभं राहून ‘मी यशस्वी आहे, मी शांत आहे’ ही वाक्यं म्हणायची, बातम्या बंद, ‘खाली खेचणारे’ मित्र बंद, आणि रात्री वहीत स्वतःला दहापैकी गुण. वडील दिवसभर दारात बसून असतात. काहीही सुचवलं की ‘आता काय उरलंय’ म्हणतात. गेल्या महिन्यात जेवताना वाद झाला. मुलगा म्हणाला, ‘‘तुमच्यामुळेच या घरात निगेटिव्हिटी आहे.’’ वडील ताटावरून उठले. तेव्हापासून बोलणं नाही. मुलाला अपराधी वाटतं. पण अपराधी वाटणं हीसुद्धा निगेटिव्ह भावना, म्हणून त्या रात्री त्याने स्वतःला दोन गुण दिले. तो विचारतो, ‘‘दोन वर्षं एवढी मेहनत करूनही मी आनंदी का नाही? प्रगतीसाठी घर सोडून पुण्याला जावं का?’’ (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती. ‘निगेटिव्ह’ हा शब्द एकोणीस वेळा आला आहे, ‘दुःख’ एकदाही नाही. पहाटेच्या दिनक्रमाला तुम्ही दीड पान दिलंय आणि चार माग विकल्याची गोष्ट एका ओळीत उरकली आहे. मला त्या एका ओळीपासून सुरुवात करू द्या.

माग जाणं म्हणजे काय, हे पूर्व भागात वाढलेल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. तुम्ही त्या खटखटाटात झोपला असाल, त्यातच पाढे पाठ केले असतील. पुढच्या खोलीत माग असलेल्या घरात घड्याळाकडे फारसं कुणी बघत नाही. कांडी संपली, बीम बदलायचं आहे, लाइट गेली आणि सगळी गल्ली एकदम गप्प झाली, अशा खुणांवर दिवस चालतो. लाइट आली की आवाज परत यायचा. आता तो येत नाही. ती शांतता तुमच्या घरात दोन वर्षं मुक्कामाला आहे, आणि तिच्याबद्दल घरात कुणी कुणाशी बोललंय असं पत्रावरून दिसत नाही.

माझे मामा इथल्याच एका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. गिरणी बंद पडल्यावर कितीतरी महिने ते सकाळी भोंग्याच्या वेळेला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे. मामी रोजच्यासारखा डबा भरून द्यायची. दुपारी तोच डबा ते ओट्यावर उघडून खायचे. आम्ही मुलं हसायचो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, आणि तुमचं पत्र वाचताना ती पुन्हा वाटली.

ऑस्ट्रियात व्हिएन्नापासून जवळ मारिएन्थाल नावाची वस्ती आहे. एका कापड गिरणीच्या जिवावर ती जगत होती. १९२९-३० च्या मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा ही तरुण मानसशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी तिथे गेले, घरोघर बोलले, लोकांच्या दिवसाच्या नोंदी घेतल्या. १९३३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी एक साधी गोष्ट केली होती: रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचा चालण्याचा वेग मोजला. बायका भराभर चालत होत्या, कारण स्वयंपाक, धुणं, मुलं ही कामं संपली नव्हती. पुरुष मात्र हळू चालत होते, मध्येच थांबत होते. कुठेच पोहोचायचं नव्हतं. आता वेळ भरपूर होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं. रिकाम्या हातांची माणसं चिडून उठतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात गाव थकलं होतं, कुणाला काही मागावंसंही वाटेनासं झालं होतं.

याहोदाने पुढे मांडलं की काम माणसाला पगाराखेरीज बरंच काही देतं: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांची सोबत, आपण एकट्यापेक्षा मोठ्या कशात तरी आहोत ही भावना, चारचौघांत ओळख, आणि हातापायांना नेमाने चाळा. आता तुमच्या वडिलांकडे बघा. सूत आणायला जाणं बंद. व्यापाऱ्याशी भावाची घासाघीस बंद. ‘अमुक यांचा कारखाना’ ही ओळख गेली. ‘आता काय उरलंय’ हे वाक्य तुम्ही तक्रार म्हणून ऐकता. मला त्यात खरा प्रश्न ऐकू येतो. त्यांना ठाऊक नाही काय उरलंय, आणि दोन वर्षांत त्यांच्याशेजारी बसून तो हिशेब कुणी केलेला नाही. तुम्ही तर हिशेबाच्याच धंद्यात आहात.

आता तुमच्याकडे येते. तिसऱ्या पानावर कंसात एक वाक्य आहे: ‘एम.कॉम.चं दुसरं वर्ष त्या वेळी सोडलं, पण त्याचं काही नाही.’ तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त टोचलेलं वाक्य ते आहे. ज्या महिन्यात माग गेले, त्याच सुमारास शिक्षण सुटलं, आणि त्याच सुमारास तुम्ही पावणेपाचला उठू लागलात. माझा अंदाज असा आहे, चूक असेल तर तसं कळवा: एकाच धक्क्याला घरातल्या दोन पुरुषांनी दोन उत्तरं दिली. वडील थांबले. तुम्ही धावू लागलात. धावणाऱ्याला दारात बसलेल्या माणसाचा राग येतो, कारण जे मागे टाकायला तो धावतोय तेच रोज सकाळी दारात बसलेलं दिसतं.

धावण्यात वाईट काही नाही. लवकर उठणं, व्यायाम, बातम्यांचा मारा कमी करणं, यातलं बरंचसं चांगलंच आहे आणि ते ठेवा. पण या सगळ्याच्या तळाशी एक गृहीतक बसलंय, त्याच्याशी माझं भांडण आहे: वाढ झालेल्या माणसाला वाईट वाटत नाही. ज्या दिवशी राग आला, रडू आलं, भीती वाटली, तो दिवस नापास. हे गृहीतक तुमचं स्वतःचं नाही, ते तुम्हाला पढवलं गेलंय. आणि ते मान्य केलं की माणूस एका विचित्र कचाट्यात सापडतो. वाईट वाटतं, वाईट वाटल्याबद्दल आणखी वाईट वाटतं, मग त्या दुसऱ्या वाईट वाटण्याला वहीत दोन गुण.

आरशासमोरच्या वाक्यांचंच घ्या. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हीच गोष्ट तपासली. स्वतःबद्दल चांगलं मत असलेल्यांना अशी वाक्यं म्हटल्यावर थोडं बरं वाटलं. ज्यांना मुळातच स्वतःबद्दल शंका होती, म्हणजे ज्यांच्यासाठी ही वाक्यं सुचवली जातात, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे’ असं म्हणत राहिल्यावर आधीपेक्षा वाईट वाटलं. कारण समजायला सोपं आहे. तोंड म्हणतं ‘मी यशस्वी आहे’ आणि मन लगेच पुरावे काढतं: मग एम.कॉम.? मग माग? रोज पहाटे वीस मिनिटं तुम्ही स्वतःशी खटला चालवताय, आणि तो हरताय.

त्या वेळेला खरी वाक्यं म्हणून पाहा. ‘मला काल वडिलांची आठवण काढून अपराधी वाटलं.’ ‘मला पुढच्या वर्षाची भीती वाटते.’ ‘मी तरीही आज कामावर जाणार आहे.’ यांच्यावर मनाला वाद घालता येत नाही, कारण ती खरी आहेत. खऱ्या वाक्यावर पाय ठेवता येतो.

भावना दाबायचा प्रयत्न उलटा फिरतो, हेही जुनंच आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल येतच राहिलं, आणि बंदी उठल्यावर तर आणखी जास्त आलं. तुमच्या घरात ते अस्वल दारात बसलंय आणि त्याला चहा लागतो, एवढाच फरक.

मग भावनांचं करायचं काय? आधी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारायची. ‘निगेटिव्ह’ हे नाव नाही, तो कचऱ्याचा डबा आहे. त्यात सगळं टाकता येतं आणि काय टाकलं ते कळत नाही. आपल्या भाषेकडे किती वेगवेगळे शब्द आहेत बघा. राग वेगळा, चीड वेगळी. वैताग थकव्यातून येतो. संताप अन्याय दिसल्यावर. खंत म्हणजे आपल्या हातून राहून गेलेल्या गोष्टीचं टोचणं, हळहळ म्हणजे जे आपल्या हातातच नव्हतं त्याबद्दलचं. आणि त्रागा हा माझ्या मते फार नेमका शब्द आहे: दुसऱ्यावरचा राग स्वतःवर काढणं, ताट सरकवणं, ‘जाऊ दे, मीच वाईट’ म्हणणं. तुमच्या वडिलांनी त्या दिवशी ताटावरून उठून त्रागा केला. तुम्ही रात्री वहीत दोन गुण देऊन त्रागाच केलात. बाप-लेक फार वेगळे नाही आहात.

नाव देण्याने नुसता शब्दकोश वाढत नाही. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवरून दाखवलं की समोरच्या चेहऱ्यावरची भावना शब्दात सांगताना मेंदूतल्या अमिग्डला या भागातली खळबळ उतरते. धोका जाणवला की हाच भाग सावध होतो. म्हणजे ‘मला भीती वाटते’ असं म्हणणं हे भित्रेपणाचं लक्षण तर नाहीच, भीती आटोक्यात येण्याची ती सुरुवात असते.

तुम्ही लिहिलंय की घरी तेलुगू बोलता आणि डायरी मराठी-इंग्रजीत लिहिता. महिनाभर एक ओळ तेलुगूत लिहून बघा. लिपी येत नसेल तर देवनागरीत लिहा. लहानपणी पडल्यावर ज्या भाषेत रडलात, त्या भाषेत अपराधी वाटणं कसं दिसतं ते पाहा. ऑफिसच्या भाषेत माणूस स्वतःला अहवाल देतो. आईच्या भाषेत खोटं बोलणं अवघड जातं.

गुणांची वही मात्र बंद करा. निदान महिनाभर कपाटात ठेवून द्या. रोज स्वतःची परीक्षा घेणारा मास्तर डोक्यात बसवला की माणूस सुधारतो, असं आपल्याकडे फार मानतात. छडी लागे छमछम वर वाढलेल्या पिढ्या आहोत आपण. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ आणि इतर अनेकांनी गेली वीसेक वर्षं स्वतःशी मायेने वागण्याचा अभ्यास केलाय, आणि त्यातून वारंवार दिसतं की चुकल्यावर स्वतःला झोडपणारी माणसं चूक बघायलाच घाबरू लागतात. स्वतःशी मित्रासारखं बोलणारी माणसं चुकीकडे सरळ बघू शकतात, कारण बघितल्यावर मार बसणार नसतो. तुम्ही गेला महिनाभर वडिलांशी बोलू शकला नाहीत, त्यामागे हेच आहे असं मला वाटतं. त्यांच्यासमोर गेलात तर चूक दिसेल, आणि चूक दिसली की वहीत शून्य.

एक दिवस खाडा झाला की ‘सगळं परत पहिल्यापासून’ असं तुम्ही करता, हेही वाचलं. एकवीस दिवसांत सवय लागते हे कुणीतरी सांगितलंय तुम्हाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी खरोखर मोजलं, २०१० मध्ये ते छापून आलं: एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला तब्बल २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. आणि मध्ये एखादा खाडा झाल्याने फारसं बिघडलं नाही. मागावर धागा तुटला तर सगळी चादर कुणी उसवत नाही, माग थांबवून धागा सांधतात. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

आता एक अगदी साधी गोष्ट. रात्री साडेअकरा-बाराला झोपता आणि पावणेपाचला उठता. पाच तास. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. सोलापूरचा उन्हाळा, रात्री उशिरापर्यंत तापलेला स्लॅब, मधूनच जाणारी लाइट, म्हणजे त्या पाचांतले खरे किती ते देव जाणे. झोप कमी पडली की माणूस चिडका होतो, समोरच्याच्या साध्या बोलण्यात टोमणा ऐकू येतो. तुमच्या घरातली अर्धी ‘निगेटिव्हिटी’ कदाचित झोपेची उधारी असेल. एकतर साडेनऊला झोपा, नाहीतर सातला उठा. कुणाच्या व्हिडिओतल्या पहाटेपेक्षा तुमचं डोकं महत्त्वाचं आहे.

मित्रांबद्दलही लिहायलाच हवं. तीन जवळचे मित्र तुम्ही सोडले, कारण ते ‘रडगाणं गातात’. एकाची कंपनी बंद झाली होती, एकाचं लग्न मोडलं होतं. मूड एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे खरं आहे; सतत तक्रार ऐकून दमायला होतं हेही खरं. दमलात तर तास-दोन तासांनी उठून या. पण माणसाला तोडून टाकणं हे वेगळं. तुम्ही सोलापूरचे आहात, दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पाहिले असतील. बाराबंदी घातलेला एक माणूस तो उंच ध्वज पेलतो तेव्हा आपली नजर त्याच्यावर असते. पण आजूबाजूला तोल सांभाळणारे हात असतात, पेलणारे बदलत राहतात, आणि यात्रेच्या आधी किती तरी दिवस एकत्र सराव झालेला असतो. सगळ्यांना बाजूला सारून एकट्याने पेलायला निघालेल्याला कुणी हुशार म्हणणार नाही. त्या तिघांतला जो तुम्हाला सर्वांत जास्त आठवतो त्याला फोन करा. स्पष्टीकरण देऊ नका. ‘‘बरेच दिवस झाले, भेटू या का?’’ एवढं पुरे.

पुण्याचा प्रश्न मी मुद्दाम उशिरा घेतला. घर सोडणं चूक नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी स्वतःची खोली, स्वतःचा पगार, स्वतःची भांडी घासणं यातून माणूस खूप शिकतो. आईवडिलांपासून लांब राहणं म्हणजे त्यांना टाकणं, हे मी मानत नाही. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघणारी आणि पुण्यात पोट भरणारी सोलापूरची कितीतरी मुलं घराशी घट्ट बांधलेली आहेत. मी फक्त एवढंच विचारते: जाताय कशाकडे? तिथे नोकरी दिसतेय, एम.कॉम. पूर्ण करायचंय, काही शिकायचंय, तर खुशाल जा. पण वडील दिसू नयेत म्हणून जात असाल, तर ते तुमच्याबरोबर गाडीत बसतील. अबोला अंतराने मिटत नाही, गोठतो. आणि मग वर्षभराने फोन येतो आणि काय बोलावं कळत नाही.

म्हणून सहा आठवडे निर्णय पुढे ढकला. दरम्यान हिशेब तेवढा करून ठेवा: पुण्यात खोलीचं भाडं, डिपॉझिट, मेस, येण्याजाण्याचा खर्च, बहिणीच्या लग्नासाठी तुम्ही दर महिन्याला किती बाजूला टाकू शकाल. एम.कॉम.चं दुसरं वर्ष पुन्हा कसं सुरू करता येईल, हे विद्यापीठात जाऊन विचारून या. हा शेवटचा मुद्दा मी घाईने लिहीत नाही. कदाचित तुम्हाला पुणे नको आहे, ते सुटलेलं वर्ष हवं आहे.

हे सदर वाचणाऱ्या इतरांपैकी कुणी आता म्हणत असेल, ‘आमच्या घरचा माणूस दुःखात आहे म्हणून आम्ही सगळं सोसायचं का?’ नाही. ज्या घरात हात उचलला जातो, रोज अपमान होतो, पगार काढून घेतला जातो, बाहेर जायला बंदी असते, तिथे समोरच्याचं दुःख समजून घेणं हे तुमचं पहिलं काम नाही. तिथे सुरक्षित जागा आणि मदत आधी. विशेषतः सासरी राहणाऱ्या बायकांना ‘तूच पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला फार स्वस्तात दिला जातो, आणि तो मला मान्य नाही. या पत्रातले वडील तसे नाहीत. ते गप्प आहेत. गप्प बसलेल्या माणसात आणि जाच करणाऱ्या माणसात फरक आहे, तो ‘टॉक्सिक’ या एका शब्दाने पुसला जाऊ नये.

वडिलांबद्दल एक काळजीची गोष्ट. दोन वर्षं दारात बसणं हा शोक असू शकतो, आणि शोकातून नैराश्याचा आजारही मुरलेला असू शकतो. त्यांच्या वयाच्या पुरुषांमध्ये तो आजार पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, चिडण्यातून किंवा गप्प होण्यातून दिसतो. आईला विचारा: झोप कशी आहे, पहाटे तीनला उठून बसतात का, जेवण कमी झालंय का, अंग उतरलंय का, पूर्वी आवडायच्या गोष्टीही आता नको वाटतात का. पूर्वी नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाला ते पहिले तयार असायचे असं तुम्ही लिहिलंय, यंदा घरातच बसून राहिले. असं दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच्या रोज चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. जायला ते तयार नसतील तर आधी तुम्ही १४४१६ वर फोन करा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं, आणि ‘घरच्या माणसासाठी काय करू’ असंही विचारता येतं. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं ते काही बोलले असतील, तर थांबू नका आणि त्यांना एकटं सोडू नका. जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत; उलट कुणीतरी विचारलं याने माणसाचा श्वास मोकळा होतो.

तुमच्यासाठीही तोच नंबर आहे. पत्राच्या शेवटी ‘कधी कधी कशालाच अर्थ वाटत नाही’ असं जे लिहिलंय, ते मी वाचलंय. ते वाक्य ओलांडून मी पुढे गेले नाही.

राहिली माफी. तुम्ही त्यांना जेवताना बोललात, आणि आपल्याकडे माणसाला अन्नावरून उठवणं ही लहान गोष्ट नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे म्हणूनच महिनाभर झोंबतंय. ते झोंबणं निगेटिव्ह नाही. तुम्हाला वडिलांची किंमत आहे, म्हणून ते झोंबतंय. तेवढंच घेऊन त्यांच्याकडे जा. जेवणाच्या वेळी नको. ताटावर आधीच पुरेसं सांडलंय. आई आणि बहीण समोर नसतील अशी वेळ बघा. बोलायचं थोडकं: ‘‘मी त्या दिवशी चुकीचं बोललो. तुम्ही ताटावरून उठलात ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.’’ यानंतर ‘पण’ घालू नका. ‘पण तुम्हीही’ म्हटलं की माफी तिथेच संपते. ते कदाचित काहीच बोलणार नाहीत. ‘असू दे’ म्हणतील, किंवा उठून पाणी प्यायला जातील. तेवढं होऊ द्या. दोन वर्षांचं मौन एका संध्याकाळी फुटावं अशी अपेक्षा ठेवली तर ती पुन्हा वहीतल्या गुणांसारखीच होईल.

त्यांना उपदेश करू नका, व्हिडिओ पाठवू नका, ‘काहीतरी छोटा धंदा सुरू करा’ हेही सध्या नको. ते सगळं शेजारच्यांनी आणि पाहुण्यांनी सांगून झालंय. संध्याकाळी ऊन उतरलं की सिद्धेश्वर तलावाकडे चालत जाऊ या का, असं विचारा. नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, तिसऱ्या दिवशी विचारू नका, चौथ्या दिवशी विचारा. चालताना माणसं समोरासमोर नसतात, एका दिशेला बघत असतात, म्हणून बोलणं सोपं जातं.

आणि एखाद्या दिवशी विचारा, पहिला माग कधी घेतला होता? पैसे कुठून आणले? पहिली चादर कोणत्या डिझाइनची होती, कुणी विकत घेतली? ते सांगू लागले तर मध्ये बोलू नका, मोबाइल खिशातच ठेवा. घरी परतल्यावरही त्यांचं बोलणं चालू राहिलं, तर चहाला आईला हाक मारू नका. तुम्हीच उठून ठेवा, आणि दोन कप ठेवा.